बर्नआउट, विश्वास आणि झोप: दमलेल्या ख्रिस्ती माणसाने नक्की काय करायचं, पायरी पायरीने

दमलेल्या माणसाला मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एक सल्ला हमखास मिळतो, प्रार्थना वाढव. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण ज्याला सकाळी उठून दात घासायचं पण जिवावर येतंय त्याच्या यादीत तुम्ही अजून एक काम टाकलंत, आणि ते जमलं नाही की तो आता दमलेला पण आणि अपराधी पण. म्हणून इथे क्रम उलटा लावलाय, आधी शरीर, मग ओझं, मग विसाव्याचा दिवस, मग प्रार्थना आणि माणसं. बायबलमध्ये एका फार दमलेल्या माणसाला देवाने साधारण याच क्रमाने सावरलंय, त्याच्याकडे येतोच आपण.

त्याआधी बर्नआउट कशाला म्हणायचं ते बघू, कारण आजकाल एक आठवडा जड गेला तरी लोक हा शब्द वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, तिथे तो आजार म्हणून नाहीये, कामाच्या ठिकाणचा ताण खूप काळ साचला आणि नीट हाताळला गेला नाही की जे होतं ते, असं म्हटलंय. खुणा तीन. एक, अंगातली ताकद संपल्यासारखी वाटते. दोन, कामापासून मन तुटतं, सगळ्याबद्दल कडवट बोलणं सुरू होतं. तीन, आपण करतो त्याचा काही उपयोग होतोय असं वाटेनासं होतं. ही व्याख्या नोकरीच्या कामापुरती आहे हे खरं, पण मंडळीतली सेवा किंवा घरातल्या आजारी माणसाचं वर्षानुवर्षं करणं यातही या तिन्ही गोष्टी जशाच्या तशा दिसतात, त्यामुळे मी इथे दोन्ही धरून बोलतोय.

सेवेतल्या माणसात त्या थोड्या वेगळ्या रूपात येतात. स्टेजवर प्रार्थना छान जमते, एकटं बसलं की एक शब्द फुटत नाही. गाणी नुसता आवाज वाटायला लागतात. मंडळीतल्या कुणाचा फोन वाजला की नाव बघूनच चिडचिड होते, मग तोच फोन उचलून "प्रेज द लॉर्ड" म्हणायचं. ज्यांच्यासाठी सेवा सुरू केली त्याच लोकांचा राग येतो. यातलं दोनतीन जुळत असेल आणि काही महिने चालू असेल तर पुढचं वाचा.

पायरी १: आधी डॉक्टर

ही पायरी लोक गाळतात. सततचा थकवा म्हणजे दर वेळी बर्नआउटच असं नाही, हिमोग्लोबिन कमी असतं, थायरॉईड असतो, बी१२ कमी असतं, शुगर असते, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असतो. रक्त तपासून घ्या. तुमच्या शरीरात लोह कमी असेल तर तीन दिवसांच्या उपासाने ते वाढणार नाही, आणि खरं सांगायचं तर फार थकलेल्या माणसाने उपास करूच नये असं माझं मत आहे, निदान तब्येत ताळ्यावर येईपर्यंत तरी.

दुसरी गोष्ट डिप्रेशनची. साधारण फरक असा की बर्नआउटमध्ये कामाचा विषय निघाला की जीव जातो पण कामापासून लांब गेलं की थोडं बरं वाटतं, हसू येतं, जेवण गोड लागतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस कशातच रस नाही, झोप किंवा भूक पार बिघडलीये, आपण नकोसे आहोत असं वाटतंय, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. दोन्ही एकत्रही असू शकतं, घरी बसून ठरवू नका. आणि मरून जावं असे विचार येत असतील तर हा लेख इथेच ठेवा आणि आजच कुणाला तरी सांगा, घरातल्या माणसाला, डॉक्टरला, हेल्पलाईनला. ते विचार आले म्हणजे विश्वास संपला असं अजिबात नाही, ज्या माणसाची गोष्ट आता सांगतो त्यानेही देवाकडे मरण मागितलं होतं.

पायरी २: झोपा आणि खा (१ राजे, अध्याय १९)

एलीया, जुन्या करारातला संदेष्टा. कर्मेल डोंगरावर त्याचा एवढा मोठा विजय झाला, आकाशातून अग्नी पडला, पाऊस आला, आणि लगेच पुढच्या अध्यायात ईजबेल राणीची धमकी येते आणि हा माणूस पळत सुटतो. बैर-शेब्याला आपल्या चाकराला मागे ठेवतो (हे लक्षात ठेवा, पुढे लागेल), एकटाच रानात एक दिवसाची वाट चालतो, झुडपाखाली बसतो आणि म्हणतो आता पुरे, माझा जीव घे. आणि झोपतो.

आता इथे देव काय करतो ते बघा. प्रवचन नाही, "तुझा विश्वास कुठे गेला" नाही. दूत येतो, हात लावून उठवतो आणि म्हणतो ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पितो, आणि परत झोपतो! कुणी रागवत नाही. दूत दुसऱ्यांदा येतो, परत खायला लावतो, कारण सांगतो की पुढची वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. त्यानंतर चाळीस दिवस चालणं, मग होरेब डोंगर, मग गुहा, आणि तेव्हा कुठे बोलणं सुरू होतं. म्हणजे दोन झोपा आणि दोन जेवणं आधी, आत्मिक संवाद नंतर. मला हा भाग बायबलमधल्या सगळ्यात दयाळू भागांपैकी एक वाटतो आणि नवल म्हणजे प्रवचनात याच्यापेक्षा कर्मेलचा अग्नीच जास्त ऐकायला मिळतो.

तर करायचं काय.

उठायची वेळ ठरवा, झोपायची नंतर. रोज एकाच वेळी उठलं, सुट्टीच्या दिवशीही फार तर तासभर इकडेतिकडे, की रात्रीची झोप हळूहळू आपोआप जागेवर येते. प्रौढ माणसाला किमान ७ तास लागतात, "मला ५ तास पुरतात" म्हणणाऱ्या बहुतेकांना ते पुरत नसतात, फक्त दमलेलं असण्याची सवय झालेली असते. कॉफी दुपारनंतर बंद, कारण शरीरातलं निम्मं कॅफिन जायलाच साधारण ५ तास लागतात, म्हणजे ५ वाजता घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री १० ला अजून अंगात असतं. फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा आणि अलार्मसाठी साधं घड्याळ आणा, कारण "बायबल अॅपसाठी फोन जवळ ठेवतो" हे आपण सगळेच म्हणतो आणि अॅप उघडायच्या आधी बाकीचं सगळं उघडून होतं. रात्री वचन वाचायचं तर कागदावरचं वाचा.

स्तोत्र १२७ मध्ये पहाटे लवकर उठून, रात्री उशिरापर्यंत जागून, कष्टाची भाकर खाणं व्यर्थ आहे असं स्वच्छ लिहिलंय, देव आपल्या प्रियजनांना झोप देतो असंही. आणि येशू वादळात नावेत उशीवर डोकं ठेवून झोपला होता (मार्कचं शुभवर्तमान, अध्याय ४), बाकी सगळे घाबरून ओरडत होते. झोपणं म्हणजे मी आठ तास काही करत नाहीये आणि तरी जग चाललंय हे मान्य करणं, ज्यांना सगळं आपल्या अंगावरच आहे असं वाटतं त्यांना म्हणूनच ते अवघड जातं.

जेवण बसून, वेळेवर, स्क्रीनशिवाय, एवढंच सांगतो, डाएटच्या भानगडीत आत्ता पडू नका. हालचाल मात्र हवी. प्रौढांसाठी आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायामाची शिफारस आहे, पण दमलेल्या माणसाने १० मिनिटं चालण्यापासून सुरू करावं, शक्य तर उजेडात आणि सकाळी. प्रार्थना बसून होत नसेल तर याच चालण्यात करा, एलीया पण चालतच होता की.

हे दोनतीन आठवडे करा आणि मगच पुढच्या पायऱ्यांवर मोठे निर्णय घ्या. नोकरी सोडायची की नाही, सेवा सोडायची की नाही हे झोप न झालेल्या डोक्याने ठरवू नका, तातडीचं काही असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी ३: कागदावर सगळी ओझी उतरवा

एक कागद घ्या आणि आठवड्यात जे जे करता ते सगळं लिहा, नोकरी, घर, मुलं, आईवडील, संडे स्कूल, वर्शिप टीमची (उपासनेत गाणाऱ्यांची) प्रॅक्टिस, मंडळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप सांभाळणं, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणं सुद्धा. मग गलतीकरांस पत्राचा ६ वा अध्याय उघडा. २ ऱ्या वचनात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच वचनं पुढे म्हणतो प्रत्येकाने आपापला भार वाहावा. पहिल्यांदा वाचलं की गोंधळ होतो, पण यादी समोर ठेवून वाचलं की फार कामाचं आहे. प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हे माझंच आहे, हे वाटून घेता येईल, आणि हे मुळात माझं नव्हतंच. तिसऱ्या प्रकारात किती ओळी येतात ते बघून बहुतेकांना धक्का बसतो. मोठ्या भावाचं कर्ज, दुसऱ्याच्या भांडणातली मध्यस्थी, कुणी नाराज होऊ नये याची काळजी, मोठ्या मुलाने वचन वाचलं की नाही याचा हिशोब.

दुसरं काम, दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधायचं. क्रिस्टिना मास्लाक आणि मायकल लाइटर या बर्नआउटवर काम करणाऱ्या अभ्यासकांनी सहा जागा सांगितल्यात: कामाचा भार, कामावरचा आपला ताबा, मोबदला किंवा कौतुक, सोबतची माणसं, न्याय, आणि मूल्यं. सहाही जागा स्वतःला विचारा. भार जास्त असेल तर सुट्टीने फरक पडतो. पण साहेब पक्षपात करतोय किंवा रोज खोटं लिहायला लावतोय आणि ते मनाला पटत नाहीये, तर कितीही झोपा, सोमवारी तेच. तिथे बोलावं लागेल, बदली मागावी लागेल, कदाचित दुसरी नोकरी शोधावी लागेल. अन्याय सोसत राहणं म्हणजे नम्रता असं समजून लोक वर्षं काढतात, ते मला पटत नाही.

पायरी ४: नाही म्हणायला शिका

मार्कच्या पहिल्या अध्यायात आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलंय, येशू कितीतरी आजाऱ्यांना बरं करतो. पहाटे अंधारातच उठून तो एकांतात प्रार्थनेला जातो. पेत्र आणि बाकीचे शोधत येतात, सगळे तुला शोधतायत म्हणतात. कुणाही सेवकाला हे वाक्य ऐकून हुरूप येईल, पण येशू म्हणतो चला, आपण आसपासच्या गावांना जाऊ. म्हणजे दाराशी अजून आजारी लोक असणार आणि तरी तो तिथे परत गेला नाही. गरज दिसली म्हणजे ती आपल्यासाठीच आहे असं त्याने धरलं नाही, आपण मात्र प्रत्येक गरज ही देवाची हाक समजतो.

"जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा" हे कलस्सैकरांस पत्रातलं वचन पण असंच वापरलं जातं, जास्त काम करून घ्यायला. त्यात मन लावून करा असं आहे, सगळं तुम्हीच करा असं कुठे आहे?

तोंडात बसतील अशी दोनचार वाक्यं आधीच तयार ठेवा, कारण आयत्या वेळी हो निघून जातं. "आत्ता लगेच हो म्हणत नाही, उद्या सांगतो." "या तीन महिन्यांत मी नवीन काही घेत नाहीये." "हे घेतलं तर संडे स्कूल सोडावं लागेल, कुठलं करू सांगा." हे शेवटचं वाक्य ऑफिसात साहेबासमोरही चालतं, संडे स्कूलच्या जागी जुनं काम घाला. कारणं देऊ नका जास्त, जितकी कारणं द्याल तितकी समोरचा सोडवून देतो. घरच्या वडीलधाऱ्यांना नाही म्हणणं वेगळं आणि जास्त अवघड, तिथे एकदम नाही न म्हणता किती वेळ देऊ शकतो ते सांगितलेलं बरं, "रोज नाही जमणार आई, पण शनिवार पूर्ण तुझा."

पायरी ५: एक दिवस काहीच नाही

इथे जरा थांबूया, कारण विसाव्याचा दिवस सगळ्यांना माहीत आहे आणि जवळजवळ कुणीच पाळत नाही. दहा आज्ञा दोन ठिकाणी आहेत. निर्गमच्या पुस्तकात, अध्याय २० मध्ये, शब्बाथाचं, म्हणजे या विसाव्याच्या दिवसाचं, कारण दिलंय की देवाने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद नावाच्या पुस्तकात, अध्याय ५ मध्ये, कारण वेगळं आहे: तू मिसर देशात दास होतास हे आठव. दासाला सुट्टी नसते. म्हणून तिथे दासदासी, बैल, गाढव, परका माणूस, सगळ्यांना त्या दिवशी विसावा दिलाय. त्या हिशोबाने ज्याला एक दिवस काम बंद करता येत नाही त्याने आपण कुणाचे दास झालोय ते विचारावं, कधी साहेबाचे, कधी पैशाचे, कधी लोकांच्या कौतुकाचे. आणि निर्गम १६ मधला मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न, रोज लागेल तेवढाच गोळा करायचा, जास्त साठवला की किडे पडायचे, फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केलेला टिकायचा. म्हणजे सुट्टीची तयारी आदल्या दिवशी करायची असते हे पण तिथेच आहे.

प्रत्यक्षात असं करा. संध्याकाळपासून सुरू करा, जुन्या यहूदी पद्धतीत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे विसाव्याची सुरुवातच जेवणाने आणि झोपेने होते. पूर्ण २४ तास जमत नसतील तर अर्धा दिवस घ्या पण दर आठवड्याला तोच घ्या. आदल्या दिवशी कपडे, जेवणाची थोडी तयारी, ईमेलची उत्तरं उरकून ठेवा. त्या दिवशी पगाराचं काम नाही, कामाच्या ग्रुपचे नोटिफिकेशन बंद, "जरा बघतो" पण नाही. काय करायचं? झोप, लांब फिरणं, मुलांशी खेळणं, मित्रांबरोबर जेवण, गाणं, काही न करता बसणं. पहिले काही आठवडे फार अस्वस्थ वाटेल, हात फोनकडे जाईल, हे असंच होतं.

आता खरी अडचण. तुम्ही वर्शिप टीममध्ये, संडे स्कूलमध्ये किंवा पाळक (पास्टर) असाल तर रविवार तुमचा कामाचा दिवस आहे, पवित्र काम असलं तरी कामच. सकाळी सात वाजता साऊंड चेकला पोचून दुपारी तीनला घरी येणाऱ्या माणसाचा तो विसावा कसा काय? तुमचा दिवस दुसरा असायला हवा आणि तो घरच्यांना, मंडळीला माहीत हवा. शिफ्टवाल्यांचा आठवड्याला बदलेल, चालेल. लहान मुलं असलेल्या आईला दिवस वगैरे मिळत नाही, तिथे नवऱ्याने तीन तास मुलं घेऊन बाहेर जाणं हाच तिचा शब्बाथ, आणि त्या तीन तासांत तिने भांडी घासायची नाहीत. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, हे येशूचंच म्हणणं आहे, त्यामुळे याचेही नियम करून स्वतःला झोडपू नका.

मोडेल पण कधी कधी. मार्क ६ मध्ये शिष्यांना जेवायला पण फुरसत नाही म्हणून येशू त्यांना एकांतात विसाव्याला नेतो, आणि नाव किनाऱ्याला लागते तर गर्दी आधीच हजर. त्याला कळवळा येतो, तो त्यांना शिकवतो, जेवू घालतो. पण दिवस संपल्यावर लगेच शिष्यांना नावेत बसवून पुढे पाठवतो आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेला जातो. मोडलेला विसावा परत घेतला.

पायरी ६: दमलेल्या माणसाची प्रार्थना

छोटी ठेवा. तासभराची शांत वेळ पूर्वी जमायची म्हणून आत्ता जमलीच पाहिजे असं नाही. सकाळी फोनला हात लावायच्या आधी एक वाक्य, "प्रभू, आज मला तू सांभाळ", बास. वाचन एका स्तोत्रापुरतं. स्तोत्र १३ घ्या, "किती काळ" असं देवालाच विचारत सुरू होतं. फारच वाईट दिवस असेल तर ८८, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, ओढून ताणून गोड शेवट केलेला नाही आणि तरी ते बायबलमध्ये आहे. स्वतःचे शब्द सुचत नसतील तेव्हा यांचे शब्द उसने घ्या, प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा, कुणाला तरी आपल्या वतीने प्रार्थना करायला सांगा.

रात्री पाच मिनिटांचा आढावा मात्र खूप उपयोगी पडतो. १६ व्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेल्या पद्धतीचं हे सोपं रूप: आज कशासाठी आभार, दिवस सुरुवातीपासून डोळ्यापुढे आणायचा, कुठे जीव आल्यासारखं वाटलं, कुठे जीव गेल्यासारखं वाटलं, चुकलं ते सांगून क्षमा मागायची, उद्यासाठी एक गोष्ट मागायची. महिनाभर केलं की एक गंमत होते, जीव कुठे जातो त्याची जागा सारखी तीच निघते, तीच मीटिंग, तोच माणूस. ती माहिती पायरी ३ च्या कागदावर टाका.

पायरी ७: एक माणूस शोधा

चाकराला मागे ठेवून गेलेला एलीया होरेबावर दोनदा म्हणतो, मीच एकटा उरलोय. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो आणि मग सांगतो की इस्राएलात अजून सात हजार आहेत, आणि जा, अलीशाला तुझ्या जागी संदेष्टा म्हणून अभिषेक कर. म्हणजे एकटेपणावर माणसं दिली आणि कामाला वारस पण दिला.

तुम्हाला सात हजार नकोत, एक पुरे, ज्याच्यासमोर "देवाच्या कृपेने छान" म्हणावं लागत नाही. निवड जपून करा. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चार घरी पोचते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मोठ्या ग्रुपमध्ये सगळं उघडं करू नका, पोटात ठेवणारा माणूस बघा, तो दुसऱ्या मंडळीतला असला तरी चालेल. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी अर्धा तास फोन. आणि कौन्सेलरकडे जाण्यात विश्वासाची काही कमतरता नाही, दात दुखल्यावर आपण पाळकांकडे जात नाही.

पायरी ८: टीम तुमच्या हातात असेल तर

इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसायचा, सासरे इथ्रो आले, एक दिवस बघितलं आणि म्हणाले तू करतोस हे बरोबर नाही, तू पण झिजशील आणि हे लोक पण (निर्गम १८). मग हजार, शंभर, पन्नास, दहा अशा गटांवर माणसं नेमली, फक्त अवघड प्रकरणं मोशेकडे. प्रेषितांची कृत्ये ६ मध्येही जेवणाच्या वाटपाची तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी ते पण आपल्याच अंगावर घेतलं नाही, सात जण निवडले.

त्यामुळे सेवा देताना शेवटची तारीख पण द्या, "एक वर्ष, मग परत विचारू", म्हणजे सोडणाऱ्याला पळून जावं लागत नाही. प्रत्येक कामाला दोन माणसं. महिन्यातला एक रविवार प्रत्येकाने नुसतं बाकावर बसायचं. रात्री ९ नंतर ग्रुपवर मेसेज नाही, आणि हा नियम पाळकांनी पहिल्यांदा पाळायचा. कुणी मी दमलोय म्हणालं तर त्याच आठवड्यात त्याचं एक काम उचला, प्रार्थना त्यानंतर करा.

आणि ब्रेक घेतलेला माणूस परत येतो तेव्हा त्याला जुनी सगळी कामं एकदम देऊ नका. एक द्या, तेही त्याने निवडलेलं. महिन्याभराने विचारा, झोप कशी आहे, घरी चिडचिड होतेय का, एकट्याने प्रार्थना होतेय का. उत्तर ठीक असेल तर दुसरं काम, नसेल तर तेवढंच राहू द्या, लोक कुजबुजले तरी.